पहिले सहा महिने चेंडू, पोतं आणि चाल

तासगाव तालुक्यातल्या एका मुलाने विचारलं आहे: "ताई, बारावी कॉमर्स झाली. ॲनिमेशन शिकायचंय. भावाचा जुना लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅमचा. चित्रकला बेताचीच आहे. पुण्यातली एक संस्था वर्षाच्या कोर्सचे १ लाख ८० हजार सांगते. वडिलांची द्राक्षबाग आहे, ते आणखी कर्ज काढायला तयार आहेत. आधी कोणतं सॉफ्टवेअर शिकू? आणि कोर्स करू का?"

कोर्सचे पैसे आत्ता भरू नकोस. ती संस्था वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, मला ती माहीतही नाही. पण आपल्याला काय येत नाही हे अजून तुलाच ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसताना समोरचा नीट शिकवतोय की नुसता वेळ काढतोय हे कळत नाही. तेवढी नजर सहा महिन्यांत घरी बसून, जवळजवळ फुकटात तयार होते. तू बागायतदाराचा मुलगा आहेस, म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. एप्रिलच्या छाटणीनंतर वेलीवर घड दिसत नाहीत, पण काडी तेव्हाच घडते. ती कच्ची राहिली तर ऑक्टोबरला कितीही खर्च करा, माल लागत नाही. तुझी आत्ता एप्रिल छाटणी चालू आहे.

मी मूळची मिरजेची. वीस वर्षं हे काम करते आहे, आधी पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत आणि आता सांगलीत घरून. माझं पहिलं वर्ष वाया गेलं. ज्या क्लासला गेले होते तिथे पहिल्या दिवसापासून मेनू शिकवले: हे बटण दाबलं की हे होतं, ते दाबलं की ते. वर्षाच्या शेवटी मला दोन सॉफ्टवेअरची सगळी बटणं पाठ होती. पहिल्या नोकरीच्या चाचणीत एक माणूस जड खोका उचलतोय असे चार सेकंद करायला दिले. मी केलेला माणूस खोका असा उचलत होता जणू आत कापूस भरलाय. मला काम मिळालं नाही. नाकारणाऱ्या बाईंनी एकच वाक्य सांगितलं, "वजन कुठे आहे?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यातच पुढची दोन वर्षं गेली, आणि खरं शिक्षण तेव्हा सुरू झालं.

तर वजन येतं कुठून? माझ्या लहानपणी मिरजेत गणपतीला हलते देखावे असायचे. मागे मोटर, चाकाला अडकवलेली दांडी, आणि पुढे घण मारणारा लोहार. त्याचा हात वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर. आम्ही पोरं तासन् तास बघत उभी राहायचो. तरी तो घण हलका वाटायचा, अगदी पुठ्ठ्याचा वाटायचा, आणि का ते कळायचं नाही. फार पुढे उलगडा झाला. मोटरच्या चाकाला वर जायला जितका वेळ लागतो तितकाच खाली यायला लागतो. खरा लोहार घण उचलताना आधी गुडघ्यात वाकतो, मग सावकाश उचलतो, वर क्षणभर थांबतो, आणि खाली येताना घण स्वतःच्या वजनाने आणि हाताच्या जोराने कोसळतो. उचलायला वीस फ्रेम, म्हणजे वीस स्थिर चित्रं, लागली तर आदळायला चार पुरतात. देखाव्यातला हात, घण, कपडे सगळं हुबेहूब होतं. चुकला होता तो वेळ.

चित्रपटात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. एखादी हालचाल किती फ्रेममध्ये होते ते टायमिंग. त्या फ्रेममधली चित्रं एकमेकांपासून किती अंतरावर पडतात ते स्पेसिंग. हे दोन शब्द नीट अंगात मुरले की अर्धी विद्या आली. म्हणून सुरुवात चेंडूपासून कर. चेंडूला चेहरा नसतो, हात-पाय नसतात, चित्रकला बेताची असली तरी गोल काढता येतोच. त्यामुळे चूक झाली तर ती वेळेचीच असते, लपायला दुसरी जागा नसते.

आता एक हिशोब देते. तो मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेला आहे. सेकंदाला २४ फ्रेम धरून, हातातून सुटलेली वस्तू ६ फ्रेममध्ये एक फूट पडते, १२ फ्रेममध्ये चार फूट, १८ फ्रेममध्ये नऊ फूट आणि २४ फ्रेममध्ये सोळा फूट. फ्रेमच्या संख्येला ६ ने भाग आणि आलेल्या आकड्याचा वर्ग कर, तितके फूट. गुरुत्वाकर्षणाचं शाळेतलं सूत्रच आहे हे, फुटांत मांडलं की असं सोपं होतं. टेबलावरून घरंगळलेला चेंडू जमिनीवर यायला साधारण ९ फ्रेम लागतात. पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण तिथे वीस-पंचवीस फ्रेम देतो, कारण चित्र काढायला वेळ लागतो आणि म्हणून ते घडायलाही वेळ लागत असेल असं मनाला वाटतं. वीस फ्रेममध्ये टेबलावरून पडणारा चेंडू फुगा वाटतो.

हे झालं टायमिंग. त्याच ९ फ्रेममध्ये चेंडू सारख्या सारख्या अंतरावर काढलास तर तो दोरीला बांधून कुणी खाली सोडतंय असं दिसेल. पडताना अंतर वाढत गेलं पाहिजे: पहिल्या टप्प्यात एक भाग, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. उसळून वर जाताना हाच क्रम उलटा. माथ्यावर चित्रं एकमेकांना खेटून, जमिनीजवळ लांब लांब. चार फुटांवरून पडलेला चेंडू उसळून एकच फूट वर आला, तर ६ फ्रेम वर जायला आणि ६ खाली यायला. पुढची उसळी आणखी छोटी, म्हणून आणखी झटपट. शेवटच्या उसळ्या इतक्या लवकर होतात की डोळ्याला नुसती थरथर दिसते.

जमिनीला टेकतो त्या एका फ्रेममध्ये रबरी चेंडू थोडा चपटा कर. चपटा झाला की रुंद व्हायलाच हवा, नाहीतर आतला रबर गेला कुठे? आणि त्याच्या आधीच्या फ्रेममध्ये तो जाण्याच्या दिशेने किंचित लांबट. नवशिक्यांना हा चपटेपणा फार आवडतो आणि ते प्रत्येक गोष्टीला लावतात. गोळाफेकीचा लोखंडी गोळा चपटा होत नाही. तो पडतो त्याच वेळात, पण उसळत नाही, जागेवर रुततो. रबरी चेंडू, पिंगपाँगचा चेंडू, लोखंडी गोळा आणि पाणी भरलेला फुगा, असे चार तुकडे कर, सगळ्यांचा गोल तोच आणि रंगही तोच. बघणाऱ्याने न सांगता कोणता काय ते ओळखलं पाहिजे. घरात दाखव. तुझ्या आईने ओळखलं तर तुला आलं. हे चार तुकडे करायला महिना लागला तरी लागू दे.

यानंतर दोराला टांगलेली वस्तू. पंचवीस सेंटिमीटरच्या दोऱ्याला चावी बांधून झुलव, एक पूर्ण हेलकावा जवळजवळ बरोबर एक सेकंदाचा, म्हणजे २४ फ्रेमचा होतो. दोरा एक मीटरचा केलास की दोन सेकंद. लांबी चौपट, वेळ दुप्पट. मोठ्या गोष्टी सावकाश हलतात आणि छोट्या भरभर, ते याच हिशोबाने. हत्तीचा पाय आणि उंदराचा पाय एकाच टायमिंगने टाकलेस तर दोघंही खोटे दिसतील.

टांगलेली वस्तू समजली की खिलार बैल बघ, चालताना. तुझ्या गावात नसेल तर आठवडी बाजारात बघ. अंग पुढे जातं, गळ्याखालची पोळी, म्हणजे लोंबती कातडी, एक-दोन फ्रेम मागे राहते. बैल थांबतो, पोळी थांबत नाही, ती पुढे जाऊन परत येते. वशिंडही हलतं, पण कमी, कारण ते अंगाला घट्ट आहे. मुख्य हालचाल आणि तिच्या मागून ओढली जाणारी हालचाल यांतला फरक मला कोणत्याही पुस्तकापेक्षा बैलाने नीट शिकवला. डिस्नेमध्ये उमेदवारीपासून काम केलेल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ॲनिमेशनची बारा तत्त्वं लिहून काढली, जगभर आजही तीच शिकवतात. ती वाच, पण पाठ करू नकोस. एक तत्त्व वाचलं की आठवडाभर ते रस्त्यावर शोधायचं.

तिसरी गोष्ट पोतं. अर्धवट भरलेलं पोतं, चार कोपरे. वरचे दोन कोपरे हात, खालचे दोन पाय, डोळे-तोंड काही नाही. हा जुना सराव आहे, परदेशात पिठाचं पोतं घेतात, तू हळदीचं घे. या पोत्याला उडी मारायला लाव, दमू दे, रुसू दे, दारामागून डोकावू दे. चेहरा नसताना नुसत्या वाकण्यातून राग दाखवता आला की पुढे चेहऱ्याचं काम सोपं जातं. आणि सांगलीच्या मार्केट यार्डात एक सकाळ जा. हमाल पाठीवर पोतं घेताना काय करतात ते बघ: आधी पाय फाकवून उभं राहतात, श्वास घेतात, खांदा खाली नेतात, वजन येतं तेव्हा कंबर आधी बसते आणि मगच पाऊल उचलतं. माझ्या त्या फसलेल्या खोक्याचं उत्तर तिथे दिवसभर फुकट चालू असतं.

फोनवर चित्रण करत असशील तर विचारून कर, आणि एक ध्यानात ठेव. फोन बहुधा सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम टिपतो. त्यातल्या फ्रेम मोजून तशाच २४ च्या टाइमलाइनवर उतरवल्यास तर हालचाल मंदावते. आधी सेकंद मोज, मग २४ ने गुण. यात मी स्वतः अनेकदा फसले आहे.

मग चाल. एक पाऊल १२ फ्रेमचं म्हणजे मिनिटाला १२० पावलं, नीट चालणाऱ्या माणसाची ठीकठाक गती. प्रत्येक पावलात चार पोझ असतात: टाच टेकते ती, वजन येऊन अंग खाली जातं ती, दुसरा पाय ओलांडून जातो ती, आणि चवड्यावर अंग वर उचललं जातं ती. अंग सर्वांत खाली असतं ते टाच टेकल्यानंतर लगेच. नवशिके नेमकं हेच विसरतात, सगळ्या पोझमध्ये डोकं एकाच रेषेत ठेवतात आणि माणूस बर्फावरून घसरत गेल्यासारखा दिसतो. ओझं घेतलेला माणूस पावलाला १६ ते २० फ्रेम घेतो आणि जास्त खाली बसतो. लहान मूल पळत सुटल्यासारखं चालतं, ८ फ्रेमही पुरतात.

की-पोझ म्हणजे काय हे मी मुलांना सूर्यनमस्काराचा तक्ता दाखवून सांगते. तक्त्यावर फक्त मुख्य स्थिती असतात, मधलं काही काढलेलं नसतं, तरी बघणाऱ्याला पूर्ण नमस्कार कळतो. त्या झाल्या की-पोझ. मधली भरायची चित्रं म्हणजे इनबिटवीन. आधी मुख्य स्थिती, त्या बोलक्या झाल्या का ते बघायचं, मग मधलं भरायचं. सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, आणि सातारा जिल्ह्यात औंधला त्यांनी उभं केलेलं भवानी संग्रहालय आहे. एक दिवस काढून जा. तिथल्या चित्रांसमोर उभं राहून एवढंच विचार: या माणसाचं वजन कोणत्या पायावर आहे? एका तासात डोळा बदलतो.

चित्रकलेचं तुला भय वाटतंय, ते थोडं खरं आणि बरंचसं गैरसमजाचं आहे. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असशील तर तिथे स्थिरचित्राला सावल्या नीट द्यायला शिकवतात. ॲनिमेशनला लागतं ते वेगळं रेखाटन: तीस सेकंदांत, दहा-बारा रेषांत, माणूस काय करतोय ते. एसटी स्टँडवर बसून रोज अर्धा तास काढ. माणसं हलणारच, त्यांना हलू दे. पहिले शंभर कागद वाईट येतील, पुढचे बरे. आणि थ्रीडीत गेलास तर हात आणखी कमी लागतो, पण पोझ सुचण्यापुरतं रेखाटन तिथेही लागतंच.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात, कारण तो प्रश्न दिसतो तितका मोठा नाही. पहिले पंधरा दिवस काहीच नको. जुनं बिलबुक किंवा जाड वही घे आणि कोपऱ्यात चेंडू काढून पानं फडफडव. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम टिपून दाखवली होती आणि पुढे आगकाड्या हलवूनही छोटी फीत केली होती. फोन घट्ट बसवून आगकाड्या तूही हलवू शकतोस. त्यानंतर टूडीसाठी पेन्सिलटूडी किंवा क्रिटा, दोन्ही मोफत, तुझ्या लॅपटॉपवर चालतील. पुढे ओपनटून्झ बघ, तेही २०१६ पासून मोफत आहे. थ्रीडीसाठी ब्लेंडर. मोफत म्हणून ते कमी दर्जाचं समजू नकोस. २०२५ साली सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेला लॅटव्हियाचा चित्रपट ब्लेंडरमध्येच झाला आहे. ८ जीबीवर साधं दृश्य आणि एखादं रिग केलेलं, म्हणजे हलवण्यासाठी आत सांगाडा बसवलेलं, पात्र चालतं. रेंडर, म्हणजे उजेड-सावलीसकट अंतिम चित्र तयार करणं, जड जाईल, तर रेंडर करूच नकोस, स्क्रीनवरचं करड्या रंगाचं चित्रच नोंदवून ठेव. सराव तपासायला तेवढं पुरतं. माउसने रेषा काढवत नाही, म्हणून लहान पेन टॅबलेट घ्यावा लागेल, चार-पाच हजारांच्या आत येतो. सध्या तेवढाच खर्च. आणि दर दहा मिनिटांनी सेव्ह, नव्या क्रमांकाने. वीज जाते तेव्हा कळवून जात नाही.

चाल जमली की दहा सेकंदांची गोष्ट कर. दहाच. मी कितीतरी हुशार मुलं बघितली ज्यांनी पहिल्याच वर्षी शिवकालावर वीस मिनिटांची फिल्म करायला घेतली, पात्रांची सुंदर चित्रं काढली, आणि चौथ्या दृश्यात सगळं सोडलं. दहा सेकंद म्हणजे दोनशे चाळीस फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम ठेवलंस तरी एकशे वीस चित्रं, एका माणसाला महिनाभराचं काम. मांजर, दुधाचं भांडं, झाकण. आधी आवाज नोंदव, मग सहा-सात चौकटींचा स्टोरीबोर्ड, म्हणजे गोष्टीचा चित्रांतला आराखडा, त्या चौकटी आवाजाबरोबर वेळेत लावून बघ, आणि मगच चित्रं काढ. पूर्ण केलेली एक लहान गोष्ट तुला जे शिकवते ते अर्धवट मोठी गोष्ट शिकवत नाही, कारण शेवटच्या दहा टक्क्यांतल्या अडचणी तिथवर पोहोचणाऱ्यालाच भेटतात.

सहा महिन्यांनी शिक्षणाचं बघ. तू कॉमर्सचा आहेस याची अडचण नाही. आयआयटींच्या डिझाइन पदवीसाठी यूसीड परीक्षा असते, ती बारावी कोणत्याही शाखेतून झालेल्याला देता येते. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ॲनिमेशन फिल्म डिझाइन आहे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी. मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात ॲनिमेशनचं पदव्युत्तर शिक्षण आहे, पण ते पदवीनंतर. स्पर्धा मोठी आहे, तरी अर्ज कर, कारण तयारीत जे रेखाटन होतं ते वाया जात नाही. वयाची आणि प्रयत्नांची अट त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात आधी तपास.

खासगी संस्थेत जायचंच ठरलं तर वडिलांना बरोबर घेऊन जा आणि भिंतीवरची पोस्टर बघत बसू नका. मागच्या वर्षीच्या सगळ्या मुलांचं काम मागा, निवडक दोघांचं नको. त्यात चेंडू आणि चाल बघ. तोवर तुला ते बघता येत असेल. शिकवणारा स्वतः काय करतो, कुठल्या प्रकल्पांवर काम केलंय, ते विचारा. मुलाच्या कामावर तो फ्रेम-फ्रेमने दुरुस्ती सांगतो का, हे एका वर्गात मागे बसून बघू द्यायला सांगा. नोकरीची हमी कागदावर मागा. यातल्या कशालाही टाळाटाळ झाली तर परत या.

एआयचं तू विचारलं नाहीस, पण घरात कुणीतरी नक्की विचारेल. यंत्र तुकडा करून देतं, पण त्यातला पाय जमिनीवर घसरतोय, वजन कंबरेत उतरत नाही, हे बघणारा आणि दुरुस्त करणारा माणूस लागतो. ती नजर तू वर सांगितलेल्या कामातूनच कमावणार आहेस. नुसती बटणं येणाऱ्याची काळजी मला वाटते, ज्याला वजन कळतं त्याची कमी वाटते.

कामं मागायला जाशील तेव्हा शोरील, म्हणजे निवडक कामाचा व्हिडिओ, एका मिनिटाच्या आतला ठेव. सर्वांत चांगलं आधी, कच्चं काही नको, दुसऱ्याच्या रिगवर केलं असेल तर तसं स्पष्ट लिही. पण तो पुढचा भाग. आधी चेंडू. पहिला झाला की मला पाठव, आणि बरोबर त्या कागदाचा फोटोही, ज्यावर तू कोणत्या फ्रेमला चेंडू कुठे ठेवलास ते आकडे लिहिले आहेत. मी आकडे आधी बघते, व्हिडिओ नंतर.